लाइटवाला चष्मा रोज लावते तरी झोप नाही आणि मूडही नाही, पैसे वाया गेले का?

"ताई, नवऱ्याने डिसेंबरात तो डोळ्यांवर लावायचा लाइटवाला चष्मा घेऊन दिला, तीन आठवडे एक दिवस न चुकता लावतेय, मूड तसाच आहे आणि झोप तर आधीपेक्षा जास्त बिघडलीय, पहाटे तीनपर्यंत टक्क जागी. माझ्यावर काहीच चालत नाही का?"

हा मेसेज मला जानेवारीत स्टॉकहोमहून आला. मुलगी नाशिकची, तिशीतली, लग्नानंतर तिकडे गेलेली, तिकडचा चौथा हिवाळा. तिला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्यात. मी समुपदेशन करते, त्यामुळे असे मेसेज मला दर थंडीत येतात, कधी कॅनडातून कधी नॉर्वेतून, आणि प्रश्न साधारण हाच असतो की हे चष्मे, म्हणजे हिवाळ्यातल्या मरगळीवर डोळ्यांजवळून उजेड देणारे, खरंच काम करतात का आणि डोळ्यांना काही होत नाही ना. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

पहिल्या सेशनला मी चुकले, हे आधी सांगते. परदेशात एकटी, घरून काम, नवरा सकाळी सातला जातो तो संध्याकाळी सहाला येतो, मैत्रिणी नाहीत, हे सगळं ऐकून मी एकटेपणाच्याच मागे लागले. ते खोटं नव्हतं, पण त्या नादात मी साधा प्रश्नच विचारला नाही की चष्मा लावतेस कधी.

दुसरं सेशन आपल्याकडे रात्री साडेदहाला होतं, म्हणजे तिच्याकडे संध्याकाळचे सहा. बोलता बोलता तिने चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला, स्क्रीनवर तिच्या कपाळाखाली निळसर पांढरा उजेड पसरला. म्हटलं, "अगं, आत्ता?" तर म्हणाली, "हो, अंधार पडला ना. आत्ता एकदा लावते आणि रात्री नऊला वाचत पडते तेव्हा परत एकदा. अंधार पडला की जीव घाबरा होतो, तेव्हाच तर उजेड हवा."

मला ते इतकं पटलं की क्षणभर काही बोलताच येईना. आपण लहानपणापासून हेच बघत आलो ना, तिन्हीसांजा झाल्या की दिवा लावायचा, दिवेलागणीला घरात अंधार ठेवायचा नाही. तिने तेच केलं होतं. पण हा दिवा दिवेलागणीचा नाही, हा उजाडायचा दिवा आहे.

शरीरात काय होतं ते तिला सांगितलं तसं इथेही सांगते. डोळ्याच्या पडद्यात बघायच्या पेशी असतात ते आपल्याला माहीत असतं, पण २००२ च्या सुमाराला संशोधकांनी दाखवून दिलं की तिथे आणखी एका प्रकारच्या पेशी स्वतःच उजेड टिपतात आणि थेट मेंदूतल्या मुख्य घड्याळाला कळवतात की दिवस आहे का रात्र. या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला सगळ्यात जास्त जाग्या होतात. त्या जाग्या झाल्या की मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं हार्मोन, दबतं. सकाळी असा उजेड मिळाला की घड्याळ पुढे ओढलं जातं, म्हणजे रात्री लवकर झोप येते. संध्याकाळी उशिरा मिळाला की मागे ढकललं जातं. ती रोज रात्री नऊला स्वतःच्या मेंदूला सांगत होती की बाई अजून दिवस आहे, आणि मेंदू तिचं ऐकत होता. चष्मा काम करत नव्हता असं नाही, तो चोख काम करत होता, फक्त उलट्या बाजूने.

हे ऐकल्यावर ती रडली. "म्हणजे मी खराब नाहीये?" असं विचारलं तिने. तीन हिवाळे ती स्वतःला आळशी म्हणत होती.

मग आम्ही मागचं सगळं नीट काढलं. पहिला हिवाळा नवलाईत गेला, दुसऱ्यापासून ऑक्टोबर उजाडला की अंग जड व्हायला लागायचं, हातपाय शिशाचे झाल्यासारखे. सुट्टीच्या दिवशी अकरा-अकरा तास झोपूनही ताजंतवानं नाही, भात, बटाटा, ब्रेड, गोड यांचीच भूक, वजन वाढलेलं, कुणाचा फोन घ्यावासा वाटत नाही. आणि एप्रिल आला की जादू झाल्यासारखं सगळं उतरायचं. हे सीझनल डिप्रेशनचं, म्हणजे ठराविक ऋतूत येणाऱ्या नैराश्याचं, अगदी ओळखीचं रूप आहे. नेहमीच्या डिप्रेशनमध्ये बऱ्याचदा झोप आणि भूक दोन्ही उडतात, यात दोन्ही वाढतात, म्हणून घरच्यांना तो आजार वाटतच नाही, सुस्ती वाटते. स्टॉकहोम ५९ अंश उत्तरेला आहे, डिसेंबरच्या मध्याला तिथे दिवस जेमतेम ६ तासांचा असतो, पावणेनऊच्या सुमाराला उजाडतं आणि तीन वाजायच्या आत सूर्य मावळतो. आपल्या नाशिकला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळपास ११ तासांचा. त्यात ही घरून काम करणारी, दिवसभरात उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.

तिला मी एक गोष्ट सांगितली जी मला स्वतःला फार आवडते. या आजाराचं वर्णन ज्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८४ मध्ये केलं ते डॉ. नॉर्मन रोझेनथाल मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, तिथल्या उन्हातून अमेरिकेत आले आणि तिथल्या हिवाळ्यात त्यांना स्वतःलाच मरगळ जाणवायला लागली. आणि हर्बर्ट कर्न म्हणून एक इंजिनियर होते, त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या मूडच्या नोंदी ठेवल्या होत्या, त्या घेऊन ते अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांकडे गेले आणि तिथे प्रखर उजेडाचा उपचार घेणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी एक ठरले. उन्हातून उठून आलेल्या माणसाला जे जाणवलं तेच नाशिकच्या पोरीला जाणवतंय, यात लाजण्यासारखं काय आहे.

आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. चष्म्याची वेळ बदल एवढं सांगून मी मोकळी झाले नाही. मी दोन प्रश्न विचारले. पहिला सरळ, आडवळण न घेता: जगूच नये असं वाटतं का? ती म्हणाली, झोपले की उठूच नये असं कधीकधी वाटतं, पण काही करून घ्यायचा विचार नाही. ते मी हलक्यात घेतलं नाही, नवऱ्याला तिच्यासमोरच सांगितलं, आणि तसा विचार आला तर रात्री-अपरात्रीही तिकडचा तातडीच्या मदतीचा नंबर ११२ फिरवायचा हे ठरवून घेतलं. आपल्याकडे असाल तर टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, चोवीस तास.

दुसरा प्रश्न: याच्या उलट कधी झालंय का, म्हणजे चार-चार दिवस कमी झोपूनही प्रचंड उत्साह, डोक्यात विचारांची गाडी सुसाट, खर्च, चिडचिड? तिला तसं आठवेना. पण घरात कुणाला असं विचारल्यावर म्हणाली, "मामाला लिथियम चालू आहे." इथे मी थांबले. लिथियम हे बऱ्याचदा बायपोलरसाठी, म्हणजे मूड कधी फार खाली तर कधी फार वर जाणाऱ्या आजारासाठी देतात. बायपोलर असणाऱ्या माणसाला प्रखर उजेडाने मूड उलट्या टोकाला जाऊ शकतो, आणि घरात तो आजार असेल तर आधी डॉक्टरांनी बघायलाच हवं. हे चष्मे ऑनलाइन कुणीही मागवू शकतं, पण म्हणून ते गॉगल होत नाहीत, उजेडाला डोस असतो, वेळ असते आणि साइड इफेक्टही असतात.

ती आधी तयार नव्हती. "मूड डाउन आहे एवढ्यासाठी डॉक्टर?" तरी गेली, तिकडच्या सरकारी प्राथमिक केंद्रात, ज्याला ते वोर्डसेंट्राल म्हणतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी तपासलं, मूडबद्दल नीट विचारलं आणि सकाळच्या उजेडाला हरकत नाही असं सांगितलं, फक्त झोप एकदम कमी होऊन उत्साह वाढला तर थांबवून लगेच कळवायचं. डी कमी निघालं, त्याच्या गोळ्या वेगळ्या दिल्या. खूप जणांना वाटतं की या उजेडाने व्हिटॅमिन डी मिळतं. नाही मिळत. डी साठी अतिनील किरण लागतात आणि चांगल्या थेरपीच्या दिव्यांत ते मुद्दाम गाळलेले असतात.

मग वेळ ठरवायची होती आणि इथे नवरा उत्साहाने म्हणाला, उद्यापासून ही सकाळी सहाला लावेल! मी म्हटलं थांबा. शरीराच्या रात्रीला एक तळ असतो, साधारण आपसूक जाग यायच्या दोनेक तास आधी. त्या तळाच्या आधी उजेड दिला तर घड्याळ मागेच जातं, तळानंतर दिला तर पुढे येतं. ती तीनला झोपून साडेदहाला उठत होती, म्हणजे तिचा तळ साडेआठच्या आसपास. सहा वाजता उजेड दिला असता तर परत तीच चूक, फक्त दुसऱ्या टोकाने. म्हणून सुरुवात साडेदहालाच केली, आणि दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे. ऑफिसची वेळ लवचिक होती म्हणून जमलं. संध्याकाळचा चष्मा बंद, नऊनंतर घरात मंद पिवळे दिवे, आणि दुपारी बारा ते एकच्या मध्ये बाहेर चक्कर, ढग असले तरी. आपल्याला वाटतं घरात लख्ख उजेड आहे, पण मोजला तर घरातले दिवे ३०० ते ५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) पुढे सहसा जात नाहीत, बाहेर ढगाळ दुपारीसुद्धा त्याच्या कितीतरी पट असतो.

चष्माच का, दिवा का नाही, हेही लोक विचारतात. खरं सांगायचं तर जास्त अभ्यास झालाय तो टेबलावरच्या दिव्याचा, १०,००० लक्स, सकाळी अर्धा तास, समोर हातभर अंतरावर बसून. जरा लांब सरकलात की लक्स झपकन उतरतात. चष्म्यांवरचा अभ्यास त्या मानाने कमी आहे, पण कल्पना कच्ची नाही, ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या झोपेच्या संशोधनातून असाच एक चष्मा निघाला, बेल्जियममध्येही निघालाय. त्यांचे आकडे ५०० ते १,५०० लक्सच असतात म्हणून घाबरू नका, उजेड डोळ्याच्या अगदी जवळून येतो, मान कुठेही वळवली तरी सोबत राहतो. या मुलीकडे आधी घेतलेला दिवा कपाटात पडून होता कारण अर्धा तास एका जागी बसणंच तिला व्हायचं नाही. चष्मा लावून ती चहा करते, डबा भरते. जो उपचार रोज होतो तोच मला जास्त मोलाचा वाटतो.

पहिले चार दिवस डोकं दुखलं, उजेड एक पायरी कमी केला, थांबलं. दहा-बारा दिवसांत साडेबाराला झोप यायला लागली, मूड त्याच्या नंतर हलला, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिने आपणहून आईला फोन केला. फेब्रुवारीत बरं वाटतंय म्हणून चार-पाच दिवस बंद केला आणि परत घसरली, ते होतंच, वसंत येईपर्यंत सोडायचा नसतो.

आणि बोलणं आम्ही थांबवलं नाही. "ऑक्टोबर ते मार्च मी मेलेलीच असते" हे वाक्य तिच्या तोंडात बसलेलं होतं, त्यावर आम्ही आठवड्याला एक सेशन असं काम केलं, हिवाळ्यातही होणाऱ्या दोन-तीन गोष्टी शोधल्या. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ डॉ. केली रोहन यांनी १७७ जणांवर तुलना केली होती, सहा आठवड्यांनंतर लाइट थेरपी आणि खास या आजारासाठीची सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी, सारख्याच ठरल्या, पण दोन हिवाळ्यांनंतर सीबीटीवाल्यांना आजार कमी वेळा उलटला. म्हणून मी फक्त चष्म्यावर कुणाला सोडत नाही.

मध्येच नाशिकहून तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, पोरीचे डोळे जाणार नाहीत ना त्याने?" म्हटलं, काकू, निरोगी डोळ्यांना सांगितलेल्या वेळेपुरता तो त्रासाचा नाही, पण पडद्याचा आजार असेल, डायबिटीसमुळे पडद्याला इजा असेल, किंवा उन्हाने त्वचा-डोळे जास्त संवेदनशील करणारी औषधं चालू असतील, डॉक्सिसायक्लिनसारखी, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारायचं. त्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मग मलाही मागवू का? मला साडेतीनलाच जाग येते हो." चौकशी केली तर काकूंना रात्री आठलाच पेंग येते आणि पहाटे पाचला त्या फिरायला जातात. त्यांचं घड्याळ आधीच पुढे पळालेलं, त्यांना सकाळचा उजेड आणखी पुढे पळवणार. त्यांना म्हटलं चष्मा नको, फिरणं संध्याकाळी साडेपाचला न्या, उन्हं उतरतानाचा उजेड डोळ्यांवर येऊ द्या, आणि शुगर आहे तर पडद्याची तपासणी या महिन्यातच करून घ्या. तपासणी केली त्यांनी. जाग आता पाचच्या सुमाराला येते.

मार्चच्या शेवटच्या सेशनला ठरलं होतं की पुढच्या वर्षी घसरण सुरू व्हायची वाट बघायची नाही, डॉक्टरांना विचारून सप्टेंबरच्या शेवटालाच सुरू करायचं. २७ सप्टेंबरला तिचा मेसेज आला. "ताई, चष्मा कपाटातून काढला. सकाळी सात, चहासोबत. आज इथे ऊन पडलंय तरी लावला."