रसायनशास्त्रात पीएचडी संपत आली आहे. कन्सल्टिंगच्या मुलाखतीची तयारी कशी करू?

एमबीए नाही ही चिंता आधी सोडा. मॅकिन्झी, बीसीजी, बेन या तिन्ही मोठ्या सल्लागार कंपन्या पीएचडीवाल्यांना घेतात. खरी अडचण सवयीची असते. प्रयोगशाळेत सगळा डेटा हाती आल्याशिवाय आपण तोंड उघडत नाही; केस इंटरव्ह्यूत, म्हणजे एखाद्या कंपनीची अडचण समोर ठेवून ती सोडवायला सांगतात त्या मुलाखतीत, अर्धवट माहितीवर अर्ध्या तासात ठाम शिफारस द्यावी लागते. उत्तर आधी, कारणं नंतर, असं बोलायला शिका.

तोंडी हिशोब रोज पंधरा मिनिटं करा, कॅल्क्युलेटरशिवाय आणि मोठ्याने. २.४ कोटींचे १५ टक्के काढताना ‘१० टक्के म्हणजे २४ लाख, ५ टक्के १२ लाख, एकूण ३६ लाख’ असं बोलत गेलात की समोरच्याला तुमचा विचार दिसतो. कुठे घसरलात तर तो सावरूनही घेऊ शकतो.

केस जोडीदाराबरोबरच सोडवा, नुसतं वाचून भागत नाही. मॅकिन्झीत बहुतेकदा मुलाखतकार एकेक प्रश्न विचारत पुढे नेतो. बाकी दोघांकडे गाडी बरीचशी तुम्हालाच हाकावी लागते. दोन्हीचा सराव हवा.

आणि तुमचा थीसिस शेजारच्या काकूंना कळेल असा दोन मिनिटांत सांगता आला पाहिजे. मला सगळ्यात जास्त वेळ यालाच लागला, आजपासूनच सुरू करा.