‘फादर अमारोचा गुन्हा’ हा मेक्सिकन चित्रपट त्याच नावाच्या मूळ पोर्तुगीज कादंबरीशी प्रामाणिक आहे का? आधी वाचावं की पाहावं?

प्रामाणिक नाही. पण लोक ज्यासाठी नावं ठेवतात त्या बाबतीत नव्हे.

दिग्दर्शक कार्लोस करेरानं २००२ साली या तरुण पाद्र्याची गोष्ट पोर्तुगालमधल्या लैरिया गावाहून उचलून मेक्सिकोत नेली, त्यात अमली पदार्थवाल्यांचा पैसा घातला, डोंगरातले बंडखोर घातले. घालू दे की. कादंबरीकार एसा द केइरोश स्वतः लैरियात सरकारी अधिकारी होता, त्यानं डोळ्यांसमोरचं लिहिलं. करेरानंही तेच केलं. तिथल्या कॅथलिक संघटनांनी बंदी मागितली आणि थिएटरं भरली, ते वेगळंच.

माझा राग बाळावरून आहे. कादंबरीत अमारोपासून दिवस गेलेली आमेलिया बाळंत होते आणि अमारो ते मूल एका दाईच्या हवाली करतो. तिच्याकडे दिलेली मुलं जगत नाहीत हे त्याला आधीच सांगितलेलं असतं. १८७६ च्या आवृत्तीत तर तो स्वतःच्या हातानं मारतो. नावातला ‘गुन्हा’ तो आहे. चित्रपटात बाळ जन्मालाच येत नाही. चोरून केलेल्या गर्भपातात आमेलिया रक्तस्रावानं जाते आणि अमारो झालेला गाएल गार्सिया बेर्नाल गाडीत रडतो. एवढा देखणा माणूस रडला की प्रेक्षक विरघळणारच.

आमचे भावोजी विरघळले. चवथीच्या सुट्टीत फोंड्याला ताईकडे डीव्हीडी लावली होती, मीच नेलेली. संपल्यावर म्हणाले, “बिचारा. तरुण पोर, मोह कोणाला होत नाही?” मी हातातली नेवरी ताटात ठेवली. कारण हाच शब्द त्यांनी वीस वर्षांपूर्वीही वापरला होता. आमच्या नात्यातली एक मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. शिकवणीचे सर, गावात ज्यांच्या पाया पडायचे असे. तिला हवापालट म्हणून सात महिने बेळगावला आत्याकडे ठेवलं आणि त्याच वर्षी सरांना शाल-श्रीफळ मिळालं. तेव्हा भावोजी म्हणाले होते, “मोह झाला असेल, माणूसच आहे.” तिला काय झालं असेल, हे कोणी विचारलं नाही.

त्या रात्री मी त्यांना कादंबरीचा शेवट सांगितला. अमारो लिस्बनमध्ये, मजेत, वर वशिला लावतोय आणि हसत सांगतोय की आता मी फक्त लग्न झालेल्या बायकांनाच पापांच्या कबुलीजबाबाला घेतो. याला मोह म्हणतात? भावोजी म्हणाले, “पुस्तकवाले वाढवून लिहितात.” ताईनं विषय बदलला, नेहमीसारखा.

तर आधी पुस्तक. मोहाची करुण कथा म्हणून वाचू नका, वशिल्याची गोष्ट म्हणून वाचा. अमारोची लैरियातली नेमणूकसुद्धा वशिल्यानंच झालेली आहे. पोर्तुगीज येत नसेल तर मार्गारेट जुल कोस्टा यांचं इंग्रजी भाषांतर घ्या. २००५ चा पोर्तुगीज चित्रपट सोडून द्या.

आता न्यायानं बोलायचं तर करेराचा चित्रपट वाईट नाही. मादोन्नाचा, म्हणजे मेरीमातेच्या मूर्तीचा, निळा झगा आमेलियाच्या खांद्यावर घालण्याचा प्रसंग मी विसरू शकत नाही, आणि शेवटी तिच्या अंत्यविधीला अमारोच उभा राहतो, म्हणजे करेरानंही त्याला मोकळंच सोडलंय, शिक्षा नाही. शिवाय माझं पोर्तुगीज जमिनीच्या जुन्या दस्तऐवजांच्या भाषांतरावर पोसलेलं आहे, साहित्यावर नाही. कोणी जाणकार दुरुस्त करणार असेल तर करू दे.

आमच्या त्या बहिणीला चित्रपट दाखवला नाही, पुस्तक दिलं. आमेलियाला लोकांच्या नजरेआड खेड्यातल्या घरात ठेवतात, सोबत कॅननची, म्हणजे अमारोच्या वरिष्ठ पाद्र्याची, म्हातारी बहीण दोना जोझेफा, दिवसभर जपमाळ आणि टोमणे. तिथपर्यंत वाचून तिनं पुस्तक परत केलं. म्हणाली, “ही तर बेळगावची आत्या.”