रविवारी चर्च, सोमवारपासून पुन्हा कोरडं: रोजच्या जगण्यात ख्रिस्ती विश्वासातून समाधान कसं मिळतं?

तुम्ही लिहिलंय की ख्रिस्ती घरात वाढलात, रविवारची उपासना सहसा चुकवत नाही, पण सोमवारी ऑफिसला पोचेपर्यंत सगळं विरून जातं आणि प्रार्थनेला बसलं की डोक्यात नुसते हप्ते आणि कामं फिरतात. मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात एका मशीनशॉपमध्ये बावीस वर्षं लेथवर आहे. मी पाळक नाही, पण हा कोरडेपणा मी दोन वर्षं भोगलाय, म्हणून लिहितोय.

वडील आजारी होते. सगळ्या मंडळीनं प्रार्थना केली, काहींनी उपास धरले. तरी ते गेले. त्यानंतर मी चर्चला जायचो, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं तोंडपाठ म्हणायचो, प्रभुभोजन (चर्चमधली भाकर-द्राक्षरसाची विधी) घ्यायचो, आणि आत काही म्हणजे काही हलायचं नाही. रात्री गुडघे टेकले की शब्द फुटत नसे. मग शिबिरांना जायला लागलो. तिथं रडू यायचं, हलकं वाटायचं. घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी आमच्या मंडळीतल्या एका आज्जींना सांगितलं. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "जमंना झालंय तर सोड की. नुसती प्रभूची प्रार्थना म्हण. ती काय तू रचल्याली न्हाईस, त्यानंच शिकवल्याली हाय. तुला सुचायचं काय काम?"

दुसऱ्या दिवसापासून मशीन चालू करायच्या आधी, चकमध्ये पहिला जॉब आवळताना, तेवढीच म्हणायला लागलो. अर्धा-पाऊण मिनिट लागतं. आणि लहानपणापासून म्हटलेल्या एका ओळीवर मी अडकलो: "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." आपल्या मराठी बायबलात भाकर आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. भाकरी म्हटलं की मला पहाटेचा काटवटीवरचा थापण्याचा आवाज ऐकू येतो. आमची आई रोज थापायची, कारण कालची भाकरी आज कडक होते. बायबलातल्या निर्गम पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात रानातल्या इस्राएलांचंही तेच झालं. दव उडून गेलं की जमिनीवर मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, दिसायचा, ज्याला जेवढा लागेल तेवढाच गोळा करायचा. काहींनी उद्यासाठी राखून ठेवला, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या विश्रांतीच्या दिवसासाठी, दुप्पट घ्यायची मुभा होती. असं ४० वर्षं चाललं. हे वाचलं आणि माझी चूक मला दिसली. मी रविवारची शिदोरी शनिवारपर्यंत पुरवायला बघत होतो.

आता कामाचं सांगतो. एका दुपारी पंपाच्या बॉडीचं बोरिंग करत होतो. शेवटचा कट घेतला, कूलंट पुसलं, तर बोअरमध्ये मुगाच्या डाळीएवढा ब्लो-होल, म्हणजे ओतकामात राहिलेलं भोक. शिफ्ट सुटायला वीस मिनिटं होती आणि टार्गेट त्या एकाच जॉबवर अडलं होतं. मेटल पेस्ट भरून वरून पॉलिश पेपर मारला असता तर कुणालाच कळलं नसतं. ते कसं करतात हे आमच्या धंद्यात प्रत्येकाला माहीत असतं. मी बोट त्या भोकावर ठेवून उभा राहिलो आणि सकाळची ओळ आठवली. आज मागितलेली भाकर म्हणजे हाच जॉब होता. खडूनं फुली मारली, बाजूला ठेवला, बोलणी खाल्ली. संध्याकाळी रंकाळ्याच्या कडेनं घरी जाताना मन इतकं निवांत होतं, की तसं शिबिरातही कधी झालं नव्हतं.

"जे काही तुम्ही करता ते जिवेभावे, प्रभूसाठी म्हणून करा," असं प्रेषित पौल कलस्सै गावच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो. ते त्यानं तिथल्या गुलामांना लिहिलंय, ज्यांना आपलं काम निवडायचीही मुभा नव्हती. आणि येशूचं बघा. मार्काच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, सहाव्या अध्यायात गाववाले त्याला सुतार म्हणूनच ओळखतात. तो लोकांत शिकवायला लागला तेव्हा सुमारे तीस वर्षांचा होता, असं लूक त्याच्या शुभवर्तमानात सांगतो. त्याआधीच्या वर्षांबद्दल, बालपण आणि बाराव्या वर्षीची मंदिरातली गोष्ट सोडली, तर शुभवर्तमानांत जवळजवळ काही नाही. ती वर्षं वाया गेली असं मला कधीच वाटत नाही.

त्या ओळीत "मला" नाही, "आम्हांला" आहे, हे मला २०१९ च्या महापुरात कळलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. तेव्हा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या गल्लीत कुणाचा धर्म कुठला हे कुणी विचारलं नाही, घरोघरी चुली पेटल्या आणि भाकरी, पिठलं, ठेचा बांधून पुरात अडकलेल्यांकडे जात होतं. पीठ मळता मळता मी ती प्रार्थना म्हणत होतो. आमची म्हणजे कुणाकुणाची, ते समोर दिसत होतं.

थकवा आहे की अविश्वास, हेही एकदा तपासा. बायबलातल्या १ राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत झोपतो, तेव्हा देवदूत त्याला एक शब्दही उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. आणि प्रार्थनेत आनंद वाटलाच पाहिजे असंही नाही. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

तर तुम्ही एवढंच करा. दिवसातली एक ठरलेली जागा धरा. ऑफिसखाली गाडी लावून हेल्मेट काढायच्या आधी, तेवढ्या वेळात प्रभूची प्रार्थना पूर्ण होते. डोक्यात हप्ते आले तर येऊ द्यात, "भाकर" शब्दाशी तेच त्याच्यापुढे ठेवा. पहिले काही आठवडे काहीच वाटणार नाही. मी जूनमध्ये सुरू केलं होतं, आणि गणपती होऊन गेले तरी काही वाटलं नव्हतं.