वेगाच्या दंडातून सरकार खरंच कमावतं का?

तुम्ही विचारलंय की वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड अपघात टाळण्यासाठी असतो की तिजोरी भरण्यासाठी. मी महाराष्ट्रापुरतं बोलतो, कारण रोजचा संबंध इथल्याच रस्त्यांशी आहे.

तिजोरीच्या हिशेबात ही रक्कम किरकोळ आहे. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली जमा 5 लाख 60 हजार कोटींच्या वर धरली होती. वाहतुकीच्या सगळ्या दंडांचे मिळून वर्षाला 1,000 कोटी आले असं धरलं, तरी ते 0.2 टक्क्यांच्या आतच राहतात. त्यात थकलेल्या ई-चलनांचा आकडा दोन हजार कोटींच्या पुढे गेलाय. म्हणजे पावती फाटते, पण पैसे येत नाहीत.

माझ्या मते खरं दुखणं हेच आहे. कायद्यानं कारला वेगासाठी 1,000 ते 2,000 रुपये दंड आहे. तो दोन दिवसांत भरावा लागला तर माणूस पुढच्या वेळी पाय आवरतो. चलन वर्षभर मोबाईलमध्ये पडून राहतं आणि लोक लोकअदालतीची वाट बघतात, कारण तिथे तडजोडीत रक्कम कमी होईल अशी आशा असते. तेलंगणानं 2022 मध्ये दुचाकीच्या थकीत दंडावर 75 टक्के सूट दिली होती. वसुली भरपूर झाली, पण सूट दिली की दंडाची शिक्षा उरत नाही, ती थकबाकी होते. सरकार दंडाकडे उत्पन्न म्हणून बघतं, असं मला अशाच वेळी वाटतं.

कॅमेऱ्यांना मात्र माझा विरोध नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर 2024 पासून नवी यंत्रणा सुरू झाली. ती रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांच्या दोन कमानींमधला सरासरी वेगही मोजते. पूर्वी कॅमेरा दिसला की ब्रेक आणि तो मागे पडला की पुन्हा 130, असं सर्रास चालायचं. आता 10 किलोमीटर पाच मिनिटांत कापले तर सरासरी 120 निघते, आणि मर्यादा 100 ची आहे. तिथे वाद घालायला जागाच नाही. राज्यात रस्त्यांवर वर्षाला 15 हजारांच्या वर माणसं मरतात, तेव्हा याला नुसती लूट म्हणणं मला पटत नाही.

बोरघाटाच्या उताराची गोष्ट निराळी. मर्यादा एकदम खाली येते, मागे ट्रक असतो आणि पाटी नजरेतून सुटते. अशा ठिकाणची चलनं लोकांना सगळ्यात जास्त टोचतात, आणि ती तक्रार रास्त आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांतही कॅमेऱ्याआधी ठळक पाटी लावायला आणि 15 दिवसांत नोटीस पाठवायला सांगितलं होतं.

दंडाचा पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथे तो पगार, कर्जाचं व्याज, सगळ्यात मिसळतो. केरळनं 2007 च्या कायद्यानं तडजोड शुल्कातला, म्हणजे कोर्टात न जाता भरलेल्या दंडातला, वाटा रस्ते सुरक्षेच्या निधीला जोडला. आपल्याकडेही कुठल्या पट्ट्यात किती दंड जमला आणि तिथे किती कठडे, पाट्या, दिवे लागले, हे दरवर्षी जाहीर व्हायला हवं.

तुमच्या नावावर चलन असेल तर महाट्रॅफिक ॲपवर फोटो उघडून नंबरप्लेट, ठिकाण आणि वेळ आधी ताडून बघा. चूक असेल तर तिथूनच तक्रार करता येते. बरोबर असेल तर सूट मिळेल म्हणून थांबू नका, भरून टाका.