पोपची ‘निवड’ की ‘निवडणूक’?

विचारणा अशी : मे २०२५ मध्ये नवे पोप आले, तेव्हा एका पेपरात ‘पोपची निवडणूक’ वाचलं, दुसऱ्यात ‘पोपपदी निवड’. बरोबर काय?

दोन्ही. जागा वेगळ्या.

‘निवडणे’ हे मूळचं सुपातलं. आपण सोलापूरकर ज्वारी निवडतो, मेथी निवडतो; त्यात मतपेटी कुठे आली? ‘-णूक’ लागलं की मिरवणूक, नेमणूक यांच्यासारखा सगळा सरंजाम डोळ्यांपुढे येतो. निवडणूक म्हटलं की मतपत्रिका, मोजणी, बहुमत. आणि हे सगळं व्हॅटिकनमध्ये असतंच की. १३३ कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्मगुरू) मतदानाला बसले, दोन-तृतीयांश म्हणजे ८९ मतं हवी होती, दुसऱ्या दिवशी चौथ्या फेरीत निकाल लागला. तेव्हा त्या प्रक्रियेला ‘निवडणूक’ म्हणावं, आणि तिच्यातून जे घडलं त्याला ‘निवड’. ‘पोपपदाची निवडणूक सुरू’, पण ‘पोपपदी लिओ चौदावे यांची निवड’. (खरं तर निवड झाली ती रॉबर्ट प्रीव्होस्ट यांची, लिओ हे नाव त्यांनी नंतर घेतलं. पण मथळ्यात एवढं चालतं.) ‘नेमणूक’ मात्र साफ चूक. बिशपांना पोप नेमतात, पोपना कोणी नेमत नाही.

माझा खरा आक्षेप ‘निवडून आले’ला आहे. ते ऐकलं की अर्ज भरलेला, गल्लोगल्ली हात जोडत फिरलेला माणूस दिसतो. इथे अर्जच नसतो. १२७१ मध्ये इटलीतल्या व्हितेर्बो गावी जवळजवळ तीन वर्षांच्या घोळानंतर ज्यांना पोप केलं, ते दहावे ग्रेगरी कार्डिनल नव्हते आणि तिथे हजरही नव्हते. क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, निमित्ताने दूर पूर्वेला, आजच्या इस्रायलमधल्या अक्का शहरात होते. त्या माणसाला ‘निवडून आले’ कसं म्हणणार? आणि ‘बाजी मारली’, ‘वर्णी लागली’ हे तर महामंडळाच्या अध्यक्षालाच शोभतं.

पेपरवाल्यांची बाजूही सांगतो. पांढरा धूर निघाला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते, नाव कळायला आणखी तासभर. त्यात तो ऑपरेशन सिंदूरचा आठवडा, पहिल्या पानावर श्वास घ्यायला जागा नाही. पान सोडायच्या घाईत इंग्रजी बातमीतल्या ‘इलेक्शन’चं सरळ ‘निवडणूक’ झालं असेल, तर नवल नाही. हिंदीत एका ‘चुनाव’वर दोन्ही भागतं, तोही परिणाम.

आपल्या गावात आणखी एक सोपी कसोटी आहे. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्याला विचारा. त्याच्याकडे मतदानाच्या धामधुमीला ‘चुनावणे’ आणि निवडीला ‘आय्के’. जिथे तो ‘आय्के’ म्हणेल, तिथे तुम्ही डोळे झाकून ‘निवड’ लिहा.