उपास देवाचा की स्टेटसचा?

प्रश्न: ताई, आमच्या वाड्यावर एकजण लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, दर शुक्रवारी "आज नो मीट" असं स्टेटस टाकतो, आणि मी टाकत नाही म्हणून घरचे मलाच विचारतात की तू उपास धरतेस की नाही. काय सांगू? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: अगं, काहीच सांगू नकोस! राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा 6वा अध्याय वाचतात ना, त्यात येशूनं स्पष्टच म्हटलंय की उपास धराल तेव्हा डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळायला नको. आणि गंमत बघ, हे ऐकून लगेच आपण कपाळावर राख लावून घेतो, मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडेच्या) झावळ्या जाळून केलेली, ती सगळ्यांना दिसतेच की. म्हणजे दिसणं वाईट नाही, दाखवायला म्हणून करणं वाईट. नियमाचं म्हणशील तर शुक्रवारी मांस बंद, मासळी चालते, त्यामुळे गोव्यात इसवणाचा (सुरमईचा) रवा फ्राय चापून "उपास" करणारे कमी नाहीत, नियम मोडला नाही पण त्याग कसला तो? त्यापेक्षा त्या दिवशीचे मटणाचे पैसे गुपचूप कुणा गरजवंताला दे, दानाचंही त्याच अध्यायात आहे. आणि शेजाऱ्याचं स्टेटस म्यूट कर.