हौसेची चाकं आणि एफडीचे पाच लाख

बाणेरहून एका वाचकाने विचारलं आहे: दोन वर्षांपूर्वी त्यांनी जुनी ऑडी टीटी घेतली, क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी. आता तिच्यासाठी वजनाने हलकी, 19 इंची फोर्ज्ड (ओतण्याऐवजी दाबाखाली घडवलेली) अलॉय चाकं बघितली आहेत. चारही मिळून 3 लाख 40 हजार. पैसे कुठून काढावेत? पाच लाखांची एफडी मोडावी, पर्सनल लोन घ्यावं की एसआयपी काही महिने थांबवावी? गृहकर्जाचा हप्ता 52 हजार, घरखर्च 60 हजार. मार्चच्या बोनसमधून कर जाऊन 1 लाख 80 हजार हातात येतील.

हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे. ‘गाडीवर खर्चच करू नका’ असा सल्ला मी देणार नाही, तो तुम्हाला घरी मिळत असेलच. पण पैसे कुठून आणायचे हे ठरवण्याआधी 19 इंच कशाला, ते पाहू.

तुमच्या हिशोबात टायर नाहीत. ‘टायर नंतर बघू’ असं तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे झालात. सध्याची चाकं 18 इंची, त्यांवर 245/40 आर18 टायर (245 मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत रुंदीच्या 40 टक्के, रिम 18 इंची), निम्मे शिल्लक. ते 19च्या रिमवर चढणार नाहीत. म्हणजे चार नवे टायर त्याच दिवशी घ्यावे लागतील, चारही सारखे, कारण क्वाट्रोत पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक पडला की ताण थेट ड्राइव्हलाइनवर, म्हणजे इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेवर येतो. 3 लाख 40 हजार हा आकडा तिथेच मोडतो.

आता खड्ड्यांकडे या. 245/40 आर18 टायरची बाजूची भिंत 98 मिलिमीटर. 19 इंचांवर तोच घेर राखायला 245/35 लागतो, आणि भिंत 86 वर येते. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यात ते 12 मिलिमीटर रिमला बेंड येणं-न येणं ठरवतात. पुण्यात राहून मी हे वेगळं सांगायला नको. विम्याचाही फार आधार धरू नका. नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या निम्मे. बाहेरून बसवलेली चाकं कंपनीला कळवून पॉलिसीत लिहून घेतली नसतील, तर त्यांची भरपाई विसरा.

शिवाय तुमच्या कोटेशनमध्ये ऑफसेट (चाकाच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये) 35 आहे, मूळ चाकाचा 52. रुंदी तीच, 9 इंच. म्हणजे चाक 17 मिलिमीटर बाहेर येणार. मडगार्डला घासायची शक्यता आणि बेअरिंगवर जादा भार. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात बदल चालत नाही, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं. बाहेर डोकावणारं चाक विम्याच्या सर्व्हेयरला लगेच दिसतं.

हलकेपणा हाच हेतू असेल, तर 18 इंचांतच फ्लो-फॉर्म्ड चाकं घ्या, म्हणजे ओतून मग कडेचा भाग दाबून लाटलेली. साध्या ओतीव चाकापेक्षा हलकी, फोर्ज्डपेक्षा स्वस्त. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या कोटेशनमध्ये ती 1 लाख 55 हजारांना आहेत, आणि त्यांवर आहेत तेच टायर चढतील. बोनसमध्ये बसतं. उरलेल्या 25 हजारांत फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि विम्याचा जादा हप्ता भागवा.

एफडीला हात लावू नका. ती मोडून 19 इंची घेतलीत तर टायर धरण्याआधीच दीड-पावणेदोन लाख उरतात. तुमच्या घराला महिन्याला 1 लाख 12 हजार लागतात, म्हणजे नोकरीत गडबड झाली तर दीड महिना. पर्सनल लोन 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता साधारण 11,620 आणि नुसतं व्याज 78 हजार. गाडी विकताना घेणारा अलॉयचे वेगळे पैसे देत नाही, उलट मूळ चाकं आहेत का ते विचारतो. एसआयपी का थांबवू नये, यावर मी शब्द खर्च करत नाही.

नाना पेठेत जा नाहीतर बाणेरमध्येच घ्या, पैसे देण्याआधी एक चाक बसवून बघायचा आग्रह धरा. पीसीडी (बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) 5×112 आणि मधलं भोक 57.1 मिलिमीटर हवं, भोक मोठं असेल तर फट भरणारी हब रिंग लागेल, नाहीतर वेगात स्टीअरिंग थरथरेल. चाक ब्रेक कॅलिपरला लागत नाही ना, तेही तेव्हाच पाहा. ऑडीचे मूळ बोल्ट गोल बैठकीचे असतात, बाहेरच्या चाकांना बहुतेक वेळा शंकूच्या आकाराचे लागतात. दुकानदार जुनेच कसून देत असेल तर तिथून उठा. रिमवर आयएसआयचा शिक्का आहे का ते बघा. मूळ चाकं जुन्या बोल्टांसकट माळ्यावर टाका, विकू नका.